शेजारच्या काकूंना, त्या चिठ्ठ्यांबद्दल

प्रिय काकू,

आई पोहोचून आज आठ दिवस झाले. निरोपाच्या जेवणाबद्दल त्याच रात्री आभार मानायला गेले, तर "परक्यासारखं काय बोलतेस" म्हणून तुम्ही मला गप्प केलंत. म्हणून आता लिहिते, आणि सगळ्यांदेखत लिहिते.

व्हिसा, तिकीट, विमा सगळं मी केलं होतं. आईच्या पोटातली भीती मात्र मला काढता येत नव्हती. अडुसष्टाव्या वर्षी पहिलाच परदेश, तोही एकटीनं, दादाकडे पोर्तुगालमध्ये, लिस्बनला. "तिकडचं मला ओ की ठो कळणार नाही. तो कामावर गेला की मी मुकी होऊन बसणार," असं रोज म्हणायची. मी तिला फोनमधलं भाषांतर शिकवत राहिले. तुम्ही तिला जेवायला बोलावलंत.

दार उघडलं तर सगळी खोली निळी-पांढरी! तिकडे घरांच्या भिंतींवर आझुलेजू फरश्या असतात, त्यांची नक्षी तुम्ही जाड कागदावर हातानं रंगवली होतीत. चार दिवस तुमच्याकडे रात्री उशिरापर्यंत दिवा का असायचा, ते तेव्हा कळलं.

टेबलावर मात्र सगळं ओळखीचं, आणि प्रत्येक वस्तूपुढे चिठ्ठी. बटाट्यापुढे 'बताता', पावापुढे 'पाँव', अननसापुढे 'अननाश', कोबीच्या सूपपुढे 'कोव्ह'. दाराशेजारच्या चावीला 'शाव्ह'. सरबताच्या बाटल्या चक्क घमेल्यात, त्यावर 'गमेला'! आई एकेक चिठ्ठी मोठ्यानं वाचत गेली, आणि पाचव्या-सहाव्या चिठ्ठीला तिचा आवाजच बदलला. "अगं, हे तर आपलेच शब्द!" तुम्ही म्हणालात, आपले नव्हेत, पोर्तुगीजांचे, जहाजांतून आले आणि इथलेच होऊन गेले. काजू आणि अननस तर त्यांनी ब्राझीलकडून आणले, नावांसकट. पेरूच्या चिठ्ठीपुढे तुम्ही नासपती ठेवलं होतंत, कारण तिकडे 'पेरा' मागितलं की तेच हातात पडतं. आणि पगार म्हणजे पैसे चुकते करणं, तेव्हा हॉटेलात तेवढा एक शब्द पुरेल. आई किती दिवसांनी अशी खळखळून हसली होती.

वास्को द गामा जुलै १४९७ मध्ये लिस्बनहून निघाला आणि कालिकतला टेकायला मे १४९८ उजाडला, हे सांगून तुम्ही तिला म्हणालात, "तुम्ही एका दिवसात पोचाल." ते वाक्य ती विमानतळावर मला दोनदा ऐकवून गेली.

सगळ्या चिठ्ठ्या तिनं पासपोर्टच्या पाकिटात ठेवल्यात.

काल तिचा फोन आला. दादा कामावर गेल्यावर एकटीच खाली उतरली, कोपऱ्यावरच्या बेकरीत गेली आणि 'पाँव' म्हणाली. मिळाला. मग तुमची शेवटची चिठ्ठी आठवून, बाईमाणसानं आभार मानताना म्हणायचा तो शब्दही म्हणाली. बेकरीवाली हसून काहीतरी बोलली, ते कळलं नाही. पण आई तिथे पाच मिनिटं उभी होती म्हणे, घाई न करता.

तोच शब्द तुम्हाला पोचवायला सांगितलाय तिनं. ओब्रिगादा, काकू.

तुमची,
वरच्या मजल्यावरची