घर घेताना विचारलेला वंश

सिंगापूर, रविवार

तीर्थरूप बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

इथे घर घेताना वंश विचारतात हे खरे का, असे तुम्ही फोनवर विचारलेत आणि बोलणे तिथेच राहिले, म्हणून सविस्तर लिहितो. खरे आहे. बहुसंख्य कुटुंबे ज्या सरकारी इमारतींत राहतात, तिथे १९८९ पासून प्रत्येक वंशाला मर्यादा आहे: एका इमारतीत चिनी घरे ८७ टक्क्यांच्या, मलय २५ टक्क्यांच्या आणि भारतीय व इतर मिळून १५ टक्क्यांच्या वर जाऊ देत नाहीत. १९६४ च्या चिनी-मलय दंगलींची आठवण असलेल्या राज्यकर्त्यांना वस्त्या पुन्हा वंशावार होताना दिसू लागल्या, तेव्हा हा नियम आला.

आपल्या वाशीच्या सोसायटीत स्टिल्टखाली सत्यनारायण होतो, तशीच इथे प्रत्येक इमारतीखाली मोकळी जागा असते; तिथे एका आठवड्यात मलय लग्नाचा मांडव पडतो आणि दुसऱ्या आठवड्यात चिनी शेजाऱ्यांचे अंत्यविधी होतात. कोणी नाक मुरडत नाही, निदान उघडपणे तरी नाही. किंमत मात्र अल्पसंख्याकांनाच जास्त मोजावी लागते. शेजारच्या तमिळ मावशींना घर विकायचे आहे, पण इमारतीतली चिनी मर्यादा भरल्यामुळे चिनी गिऱ्हाईक चालत नाही आणि उरलेले थोडेजण भाव पाडून मागतात. अशी अडकलेली घरे सरकारने विकत घेण्याची सोय २०२२ मध्ये झाली, पण त्यासाठी दहा वर्षांची मालकी लागते. मावशींची आठच झाली आहेत.

मला खटकते ते वेगळेच. ‘भारतीय’ या एका रकान्यात तमिळ, पंजाबी आणि आपण सारे एकच. शाळेत इंग्रजीबरोबर ‘मातृभाषा’ शिकावी लागते आणि भारतीय मुलांसाठी तमिळ, हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी व उर्दू आहेत. मराठी त्या यादीतच नाही. त्यामुळे तुमच्या नातीची सरकारदरबारची मातृभाषा हिंदी आहे, आणि तिच्यात किती गुण मिळाले हे ती आम्हाला मराठीत सांगते.

तरीही या नियमाला नावे ठेवताना जीभ अडखळते. वाशीत घर शोधत होतो तेव्हा एका सोसायटीत आपल्याकडे मासे शिजतात का एवढेच विचारून आपल्याला जिन्यावरूनच परत पाठवले होते. तो नियम कुठल्याच कागदावर नव्हता, म्हणून दाद मागायलाही जागा नव्हती.

आईला सांगा, बालभारतीचे तिसरीचे मराठीचे पुस्तक पाठवा. शनिवारी मीच शिकवणार आहे.

तुमचा,
बाळ