मधली वर्षे गाळू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत रेव्हरंड रिचर्ड कोल्स या ब्रिटिश पाळकांवर लेख आला, याचा मला मनापासून आनंद झाला. पण लेखाची मांडणी पटली नाही. गाजलेला पॉप कलाकार, पैसा, नशा, मग उपरती, मग पाळकाचा झगा, एवढ्यात सगळे आटोपले आहे. 1986 साली ते कीर्तीच्या शिखरावर होते आणि 2005 साली पाळक म्हणून त्यांचा दीक्षाविधी झाला. या दोन सालांच्या मध्ये काय झाले ते लेखात एका वाक्यात उरकले आहे, आणि माझ्या मते हा माणूस समजायचा तर तिथूनच समजतो. मी निवृत्त परिचारिका आहे. नव्वदच्या दशकात मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयात मी एचआयव्हीच्या रुग्णांची शुश्रूषा केली. म्हणून लिहिल्यावाचून राहवले नाही.

कोल्स 1962 साली नॉर्थअँप्टनला जन्मले. आजोबांचा बुटांचा कारखाना होता, तो पुढे बुडाला. शाळेत असताना ते देवळाच्या गायनवृंदात गात, म्हणजे चर्चशी नाते लहानपणापासूनचे होते, वयात आल्यावर ते तुटले. 1985 साली जिमी सॉमरव्हिल यांच्याबरोबर त्यांनी ‘द कम्युनार्ड्स’ ही जोडी सुरू केली. सॉमरव्हिल गायचे, कोल्स कीबोर्ड वाजवायचे. त्यांचे ‘डोन्ट लीव्ह मी धिस वे’ हे गाणे 1986 साली ब्रिटनमध्ये चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होते आणि त्या वर्षी तिथे सर्वांत जास्त खपले. दोघेही समलिंगी होते आणि ते लपवत नव्हते.

हे सगळे आपल्या लेखात आहे. मार्क ॲश्टन मात्र नाही. मार्क हा त्यांचा मित्र. 1984-85 च्या खाणकामगारांच्या संपात त्याने लंडनमधल्या समलिंगी तरुणांना एकत्र आणून संपकऱ्यांच्या कुटुंबांसाठी पैसे जमवले. 11 फेब्रुवारी 1987 रोजी तो एड्सने गेला. वय 26. त्याच वर्षी कम्युनार्ड्सनी त्याच्यासाठी ‘फॉर अ फ्रेंड’ हे गाणे केले. आणि मार्क एकटाच नव्हता. त्या काळात लंडनमधल्या त्यांच्या वर्तुळातली तरणीताठी मुले एकामागून एक जात होती. आजार खऱ्या अर्थाने आटोक्यात ठेवणारी औषधे 1996 च्या सुमारास आली, आणि तोवर वाट पाहणे अनेकांच्या नशिबात नव्हते. पंचविशीतला माणूस आठवड्याला रुग्णालयात आणि महिन्याला अंत्यविधीला जात असेल, तर त्याला देव आठवला तो प्रसिद्धीचा वीट आला म्हणून, असे आपण कसे म्हणणार?

आपल्याकडे एआरटी, म्हणजे ही औषधे, 1 एप्रिल 2004 पासून मोफत मिळू लागली. त्याआधीची वर्षे आम्ही वॉर्डात काढली. रुग्ण यायचा तेव्हा हाडांचा सापळा झालेला असायचा, तोंडात बुरशी, जोडीला क्षय. नातेवाईक डबा दारात ठेवून निघून जायचे. मृत्यूच्या दाखल्यावर फक्त टीबी लिहा, म्हणून डॉक्टरांच्या पाया पडणारे वडील मी पाहिले आहेत.

त्यात एक मुलगा होता, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवणारा, ख्रिस्ती. मी जवळच्या एका मंडळीच्या, म्हणजे तिथल्या चर्चच्या, पाळकांकडे स्वतः गेले, येऊन नुसती प्रार्थना करा म्हटले. ते दारातच म्हणाले, “सिस्टर, मंडळीत चर्चा होईल.” आल्या त्या एक म्हाताऱ्या बायबलबाई, म्हणजे घरोघर जाऊन बायबल वाचून दाखवणाऱ्या. नऊवारी नेसलेल्या, गुडघे दुखत होते, तरी जिना चढून आल्या. स्टूल ओढून खाटेशी बसल्या, त्याचा हात हातात घेतला आणि ‘उपासना संगीत’ हे गीतांचे पुस्तक उघडून नारायण वामन टिळकांची गीते हळू आवाजात म्हणत राहिल्या. त्याला गाता येत नव्हते, पण ओठ हलत होते. त्याला पुरताना आम्ही मोजकी माणसे होतो. प्रार्थना बायबलबाईंनीच केली.

म्हणूनच कोल्स पाळक झाले म्हणजे काय झाले, हे मला सांगावेसे वाटते. 1988 साली जोडी फुटली. नंतरची काही वर्षे नशेत गेली, ते स्वतःच सांगतात. आणखी एक गोष्ट त्यांनी 2014 साली आत्मचरित्रात लिहिली आहे: आपल्याला एचआयव्ही आहे असे त्यांनी मित्रांना खोटेच सांगितले होते. हे वाचून मला राग आला. खरोखर आजारी असलेल्यांच्या उशाशी मी बसलेली आहे, त्यामुळे ही गोष्ट मला आजही जड जाते. पण कोणी विचारलेले नसताना, पाळकपदावर असताना, छापील पुस्तकात ते पाप स्वतःच्या नावाने मांडायला छाती लागते.

पुढे लंडनच्या किंग्ज कॉलेजात त्यांनी धर्मशास्त्र घेतले, दहाएक वर्षे रोमन कॅथलिक राहिले, 2001 साली अँग्लिकन चर्चमध्ये, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडमध्ये, परतले आणि यॉर्कशायरमधल्या मिरफील्डच्या मठाच्या महाविद्यालयात शिकले. उदबत्ती, घंटा, पाळकापुढे पापांची कबुली जपणारी ही अँग्लिकनांमधली जुन्या वळणाची परंपरा. मराठी वाचकांना ती अगदीच परकी नाही. लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या चहाने गाजलेले पुण्याचे पंचहौद मिशन याच वळणाच्या इंग्रज पाद्र्यांचे.

2011 ते 2022 ते नॉर्थअँप्टनशायरमधल्या फाइनडन या लहानशा गावी व्हिकर, म्हणजे गावचे पाळक, होते. इंग्लंडच्या चर्चमध्ये गावचा पाळक हा पॅरिशच्या, म्हणजे त्याच्याकडे सोपवलेल्या भागाच्या, हद्दीतल्या सगळ्यांचा असतो. माणूस उपासनेला आयुष्यात कधी फिरकला नसला तरी त्याच्या दफनविधीला पाळकाने नाही म्हणायचे नसते. कोल्स यांचे दिवस यात गेले: मयताच्या घरी जाऊन चहा घेणे, त्याला कोणते गाणे आवडायचे ते विचारणे, लग्ने, बाप्तिस्मे. शनिवारी सकाळी बीबीसी रेडिओ 4 वर कार्यक्रम, रविवारी देऊळ. टीव्हीवरची 2017 ची नाचाची स्पर्धा आणि 2024 चा जंगलातला कार्यक्रम यांना आपण दोन परिच्छेद दिलेत, तिथे एक ओळ पुरली असती.

आणि डेव्हिड? त्यांचे जोडीदार डेव्हिड हेही पाळकच. 2010 साली दोघांनी कायदेशीर नागरी भागीदारी केली. चर्च ऑफ इंग्लंडचा 2005 पासूनचा नियम असा की पाळकांना अशी भागीदारी करता येईल, पण ब्रह्मचर्य पाळले पाहिजे. आम्ही तसे राहतो असे वरिष्ठांना सांगितले ते खरे नव्हते, हे कोल्स यांनी नंतर उघडपणे कबूल केले. आपल्या लेखात हा त्यांचा दोष म्हणून येतो. मी त्या चर्चला दोष देईन. सेवा हवी पण माणूस जसा आहे तसा नको, म्हणून जी संस्था आपल्या पाळकाला खोटे बोलायला लावते, तिने त्याचा न्याय करायला बसू नये.

डिसेंबर 2019 मध्ये डेव्हिड गेले, दारूमुळे यकृत निकामी होऊन. कोल्स यांनी मृत्यूचे कारण लपवले नाही. दाखल्यावर टीबी लिहायला लावणारी घरे पाहिलेल्या मला याची किंमत कळते. सांत्वनाची पुष्कळ पत्रे आली, पण तुझा जोडीदार नरकात आहे असे लिहिणारेही निघाले, आणि तेही स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे. पुढे 2021 साली त्यांनी त्या दुःखावर पुस्तक लिहिले. व्याख्यानांतूनही ते मृत्यूबद्दल, मागे उरलेल्या माणसाच्या कागदपत्रांबद्दल आणि रिकाम्या घराबद्दल बोलतात.

डिसेंबर 2023 पासून इंग्लंडच्या देवळांत समलिंगी जोडप्यांसाठी आशीर्वादाच्या प्रार्थना करता येतात, लग्न मात्र अजून नाही. आमचे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात स्थापन झाले, तेव्हा त्यात अँग्लिकन मंडळ्याही सामील झाल्या. जगभरच्या अँग्लिकन परिवारात आम्हीही आहोत. त्यामुळे हा वाद परदेशातला म्हणून आम्हाला बाजूला सारता येणार नाही. आमच्या मंडळ्यांत यावर मोकळी चर्चा व्हावी असे मला वाटते, आणि हे मी नाव गुप्त ठेवून लिहिते आहे यावरून ती किती अवघड आहे ते आपल्या लक्षात येईल.

आपल्याला एक विनंती आहे. पुढच्या नाताळ अंकासाठी त्या वर्षांत एड्सच्या वॉर्डांत काम केलेल्या परिचारिका, वॉर्डबॉय आणि बायबलबाई यांच्याशी आपल्या वार्ताहरांनी बोलावे. पुष्कळजण आता थकले आहेत. माझा फोन नंबर आपल्या कार्यालयात कळवला आहे. मी ओळखी करून देईन.

कळावे,
एक निवृत्त परिचारिका, अहिल्यानगर