टाइलची पाठ बघणाऱ्या मिस्त्रीकाकांना

मिस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, पण तुमचं नाव टाकत नाही. तुम्हीच बजावलं होतंत, "नाव नगं ताई, फोन सुरू होत्यात. दिवाळीपर्यंत कामं भरलेली हायत." तेव्हा नाव नाही. तुम्ही वाचणार नाही हेही ठाऊक आहे, पण तुमचा नातू वाचून दाखवेल.

मार्चमधली ती पहाट मला अजून आठवते. बाथरूममधून असा आवाज आला की मला वाटलं आईच पडली. आई सुदैवाने पाच मिनिटांपूर्वीच बाहेर येऊन देवघरापाशी बसली होती. पडली होती ती भिंतीवरची टाइल. २ बाय ४ फुटांची, वजनाला १५ किलोच्या आसपास. आईचं वय ७८. पुढचं मी मनात आणायचं टाळते.

ज्यांनी ते बाथरूम अडीच वर्षांपूर्वी करून दिलं होतं त्यांना फोन केला. "मॅडम, बिल्डिंग थोडी हलतेच, एखादी टाइल निघते," हे उत्तर मिळालं. दुसरा एक जण आला, त्याने अर्ध्या तासात सिलिकॉन मारून तीच टाइल परत चिकटवून देतो म्हणून सांगितलं. मी जवळजवळ हो म्हणणार होते. आईने नाही म्हटलं. आमच्या घरात शेवटचा शब्द तिचा असतो.

मग तुम्ही आलात. भिंतीकडे बघितलंही नाहीत. कोपऱ्यात उभा केलेला टाइलचा तुकडा उलटा केलात आणि गप्पकन खाली बसलात. पाठ कोरी करकरीत होती, घासून ठेवलेल्या ताटासारखी. सिमेंटचे पाच गोळे भिंतीलाच राहिले होते, चार कोपऱ्यांना चार आणि मध्ये एक. "तोंड सगळेच बघत्यात ताई. पाठ बघा की."

नंतर तुम्ही जे केलंत ते मी आता घरी येणाऱ्या प्रत्येकाला करून दाखवते. माळ्यावरची जुनी, स्वयंपाकघरातली सिरॅमिक टाइल मागवलीत. ती आणि आमची पडलेली व्हिट्रिफाइड (काचेसारखी घट्ट भाजलेली) टाइल शेजारी शेजारी उलट्या ठेवून बोटाने एकेक थेंब पाणी सोडलंत. सिरॅमिकच्या लालसर पाठीवरचा थेंब बघता बघता आत शिरला, नुसता ओला डाग राहिला. व्हिट्रिफाइडवरचा थेंब अळवाच्या पानावर असल्यासारखा तसाच बसून राहिला. चहा पिऊन झाला तरी होता.

सगळं तिथेच होतं. भिंतीची सिरॅमिक टाइल आपल्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त पाणी पिते. व्हिट्रिफाइड अर्धा टक्काही पीत नाही. सिमेंटचा माल टाइलच्या बारीक छिद्रांत शिरून तिथे मुळं धरतो. जिला छिद्रंच नाहीत तिला तो धरणार कुठे? आमच्या मोठ्या, चकचकीत, महागड्या टाइला अडीच वर्षं केवळ पाच गोळ्यांच्या भरवशावर लटकत होत्या, आणि त्यांच्याखाली आई रोज अंघोळ करत होती.

हातोडीच्या दांड्याने तुम्ही सगळी भिंत वाजवलीत. भरीव टाइल खणकन बोलते, पोकळ टाइल बद्द करते. पोकळ त्यावर खडूने फुली. उरलेल्या एकवीसपैकी बाराच्या नशिबी फुली आली. मी विचारलं, बाराच बदलल्या तर? तुम्ही म्हणालात, "बदलू की. पर उरलेल्या नऊ कवा पडतील ते मला इचारू नका." तो पैसे उकळायचा डाव आहे असं मला तेव्हा वाटलं होतं, आज कबूल करते. रात्री बसून तीन नातेवाइकांना फोन केले आणि डझनभर व्हिडिओ पाहिले. सकाळी तुम्हाला एवढे प्रश्न विचारले की दुसरा कोणी घमेलं उचलून चालता झाला असता. शेवटी सगळ्याच बदलायचं ठरलं.

दुकानात तर मी तुमच्याशी भांडलेच. दुकानदार म्हणाला, चार पिशव्या 'केमिकल', म्हणजे टाइल चिकटवायचा तयार माल, पुरे. पिशवीवर छापलंच आहे ना, २० किलोत ५०-६० चौरस फूट. तुम्ही म्हणालात सहा लागतील. मी तुमच्याकडे ज्या नजरेने बघितलं त्याबद्दल माफी. पिशवीवरचा तो आकडा ३ मिलिमीटरच्या थराचा असतो, भिंतीलाही लावायचं आणि टाइलच्या पाठीलाही, तर माल जास्त खपणार, हे तुम्ही रिक्षात बसल्यावर समजावलंत. सहावी पिशवी शेवटी पाऊण संपली. तुम्हाला इंग्रजी वाचता येत नाही, पण पिशवी आडवी करून १५४७७ हा आकडा आणि त्यापुढचा टाइप बरोबर शोधता. ते भारतीय मानक आहे हे मी नंतर वाचलं. साध्या सिरॅमिकला टाइप १ चालतं, व्हिट्रिफाइडला किमान २, आणि भिंतीवर एवढी मोठी टाइल असेल तर ३. बेडरूमच्या बाल्कनीत खाली कोटा दगडाची फरशी बसवायची होती, तिथे मीच उत्साहाने सर्वात महागडी पिशवी मागितली. तुम्ही ती परत ठेवायला लावलीत. "तिथं जुनाच सिमेंट-वाळूचा माल चालतोय. उगं पैशे कशाला जाळता?" ज्याच्याबद्दल मनात संशय धरला होता तो माणूस माझे पैसे वाचवत होता. मला ते वाक्य फार लागलं.

जुन्या टाइला काढणं, भिंतीला टाचे मारणं, फुगलेला गिलावा पाडून नवा करणं, तो वाळेपर्यंत थांबणं, वॉटरप्रूफिंगचे दोन हात, न्हाणी ट्रॅपला बोळा कोंबून दोन दिवस पाणी भरून ठेवणं. हे सगळं कंटाळवाणं होतं आणि त्या दिवसांत आम्ही सगळे शेजाऱ्यांकडे अंघोळीला जात होतो. तुम्हाला त्या दिवसांची मजुरी मिळत नव्हती, तरी तुम्ही घाई केली नाहीत. खालच्या मजल्यावरचे आजोबा रोज छताकडे बघून "कोरडं आहे" असा अहवाल देत.

टाइल लावायचा पहिला दिवस मी मुद्दाम रजा घेऊन बघितला. आधी बादलीत मोजून पाणी, मग त्यात पावडर; उलटं केलं की तळाला गुठळ्या राहतात. ड्रिलला पातं लावून घोटलंत, मग चांगली दहा मिनिटं नुसते बसून राहिलात. बिगारी पोराला वाटलं काम थांबलं, त्याने मोबाइल काढला. "मुरू दे. पिठाला पन मुरू देतोस का न्हाई?" पुन्हा घोटून तुम्ही पॅसेजमधला पंखा बंद करायला सांगितलात. एप्रिलच्या उकाड्यात! पण वाऱ्याने लावलेल्या थरावर साय धरते, आणि साय धरली की टाइल चिकटल्यासारखी दिसते, चिकटत मात्र नाही. बोट लावून बघायचं, बोटाला माल लागला तर ठीक, नाही लागला तर खरवडून टाकायचा. वरून पाणी शिंपडून जिवंत करायचा नाही. एकदा तुम्हाला नातवाचा फोन आला आणि बोलणं लांबलं. परत येऊन बोट लावलंत आणि हातभर लावलेला थर थापीने काढून घमेल्यात टाकलात. कोणी बघत नव्हतं. मी दाराआडून बघत होते.

दात्यांच्या थापीने ओढलेल्या त्या रेघा! शेतात नांगर फिरावा तशा सगळ्या एका दिशेला. मी व्हिडिओत गोल गोल वळणं बघितली होती, त्याबद्दल विचारलं तर म्हणालात, "जिलेबीत हवा अडकती." सरळ रेघांवर टाइल दाबून आडवी सरकवली की रेघा मोडतात आणि हवा बाजूने निघून जाते. तिसरी टाइल लावून झाल्यावर तुम्ही ती पुन्हा उपटलीत. माझ्या पोटात गोळा आला. उलटी करून मला दाखवलीत. पाठ काठोकाठ राखाडी झालेली, नखाएवढीही कोरी जागा नाही. "आता बघा पाठ." ती टाइल पुन्हा माल लावून बसवलीत आणि पुढे निघालात.

सांध्यांवरून आपलं दुसरं भांडण. मला एकही फट नको होती, दुकानात लावलेली भिंत तशीच होती. तुम्ही ३ मिलिमीटरचे स्पेसर, म्हणजे फट सारखी राखणारे तुकडे, लावलेत. उन्हाने, गरम पाण्याने टाइल आणि भिंत कणभर फुगतात, त्या कणभराला जागा पाहिजे, नाहीतर टाइल टाइलला ढकलते. शिवाय फट केसाएवढी ठेवली तर ग्राउट, म्हणजे सांधा भरायचा मसाला, आत जातच नाही, वरवर पुसलं जातं आणि महिन्याभरात निघतं. पूर्वीच्या कामात सांध्यांत पांढरं सिमेंट भरलं होतं, ते सहा महिन्यांत काळं पडलं होतं आणि मी दर रविवारी टूथब्रश घेऊन त्याच्याशी लढत होते. तुम्ही बाथरूमला सिमेंटऐवजी रेझिनचं, म्हणजे इपॉक्सी ग्राउट सुचवलंत. भिंत-भिंत आणि भिंत-फरशी जिथे मिळतात त्या कोपऱ्यांत मात्र ग्राउट नाही, सिलिकॉन. तिथेच सगळ्यात जास्त हालचाल असते आणि ग्राउट तडकतं.

इपॉक्सीच्या दिवशी तुमची फजिती झाली, तीही लिहू ना? तुम्ही रागावणार नाही. दुपारचे दोन, वर ऊन मी म्हणतंय. रेझिन, हार्डनर आणि पावडर तिन्ही एकत्र करून ठेवलंत आणि नेमकी लाइट गेली. अंधारात थोडा वेळ गेला. परत आलात तर डब्याला हात लावून तुम्ही दचकलात. डबा गरम झाला होता. माझ्याही हाताला चटका बसला. डब्यात साठून राहिलं की ते आपलं आपणच तापतं आणि तापलं की आणखी लवकर आळतं. पसरून ठेवलं असतं तर टिकलं असतं. दहा मिनिटांत त्याचा दगड झाला. तुम्ही कपाळावर हात मारलात, हसलात, आणि "माझीच चूक" म्हणून दुसरा डबा स्वतःच्या पैशाने आणलात. मी पैसे देत होते, घेतले नाहीत. त्या वेळी प्लायच्या फळीवर पातळ पसरून घेतलंत आणि थोडं थोडं उचलून भरलंत. बिगारी पोरगा मागोमाग ओल्या स्क्रबरने तिरका पुसत गेला. सरळ पुसलं तर सांध्यातलं खरवडून निघतं. वाळल्यावर राहिलेली झाक जन्मात निघत नाही, म्हणून तुम्ही त्याला पाणी प्यायलाही सोडलं नाहीत.

आणि देवघराचा दगड. आईला खाली हिरवा मार्बलच हवा होता, तिच्या माहेरी तसा होता म्हणे. तो राजस्थानातून, उदयपूर-केसरियाजीकडून येतो आणि खरं तर मार्बल नसतोच, सर्पेंटाइन नावाचा वेगळा दगड असतो. तुम्हाला हे नाव ठाऊक नव्हतं. पण तुम्ही कापलेला एक पातळ तुकडा रात्रभर एका अंगाने ओल्या फडक्यावर ठेवलात आणि सकाळी ओट्यावर मांडून एक कोपरा दाबलात. तुकडा डुगडुगला. पाणी प्यायला की हा दगड वाकतो. शिवाय लादी उलटी केली तर पाठीवर रेझिनने चिकटवलेली जाळी. सिमेंटचं केमिकल त्या जाळीवर लावणं म्हणजे प्लास्टिकच्या कव्हरवर खळ लावणं. पाणी नसलेल्या, दोन भागांच्या इपॉक्सीनेच तो बसवलात. त्याची मजुरी घेतली नाहीत. "देवाचं काम हाय." आई तेव्हा काही बोलली नाही, पण तुम्ही गेल्यावर दोन दिवस तुमचंच कौतुक ऐकावं लागलं.

जाताना मला आणखी एक सांगून गेलात, की बाल्कनीच्या कोट्यावर आणि देवघराच्या दगडावर ॲसिड कधी टाकू नका. आमच्या पॅसेजमधल्या कोट्याचं पॉलिश आधीच्या लोकांनी सिमेंटचे डाग काढताना ॲसिडने कायमचं खाल्लं आहे, ते मला रोज दिसतं.

शेवटच्या दिवशी मी ऑफिसात होते, म्हणून नीट आभार मानायचे राहून गेले. घरी आले तर पलंगाखाली तीन टाइला कागदात गुंडाळून ठेवलेल्या, शेजारी ग्राउटचा न उघडलेला छोटा डबा, त्यावर मार्करने रंगाचा नंबर आणि तारीख. अंक तुमच्याच हाताचे, थोडे तिरके. पावसाळा गेला. एकही सांधा काळा नाही. आई रोज अंघोळीला जाताना काठीच्या मुठीने एक टाइल वाजवते आणि बाहेर येऊन सांगते, "खणखणीत आहे गं." आज कुठली वाजवायची याचा तिचा क्रम ठरलेला आहे.

वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी परवा टाइला बघायला मला सोबत नेलं. मी सॅम्पल उचलून उलटं केलं आणि विक्रेत्याकडे थेंबभर पाणी मागितलं. तो आणि वहिनी, दोघंही माझ्याकडे बघत राहिले.

तुमची १० मिलिमीटरच्या दात्यांची थापी आमच्याकडे राहिली आहे. स्वच्छ पुसून माळ्यावर ठेवली आहे. इकडे काम निघालं की न्यायला या. इपॉक्सीच्या त्या दुसऱ्या डब्याचे पैसे पाकिटात घालून तिच्याशेजारीच ठेवलेत, आणि या वेळी ते घ्यायचे आहेत. आई म्हणते, संध्याकाळी पाचनंतर या, म्हणजे चहाबरोबर थालीपीठही होईल.

तुमची,
सगळ्यांत जास्त प्रश्न विचारणारी ताई
पुणे