शोरूमच्या किमतीपलीकडे

मा. संपादक,

दुचाकींवरील जीएसटी कमी झाल्याच्या बातम्यांमध्ये छापले जाणारे दर शोरूमचे असतात. ग्राहकाच्या खिशाला बसतो तो ऑन-रोड दर, म्हणजे आरटीओ आणि विम्यासकट, आणि त्यात भलताच फरक आहे.

माझी रॉयल एनफील्डची ४११ सीसीची हिमालयन मोटरसायकल आता विकायला काढली आहे. जीव आहे तिच्यावर. टाकीवरचा पोचाही मी कधी काढून घेतला नाही. पण यवतेश्वर घाटाच्या वळणांवर १९९ किलोचं धूड आणि पुढचं २१ इंची चाक सांभाळताना मनगटं भरून येतात. पर्याय म्हणून २०० सीसीची पल्सर एनएस २०० पाहिली. ताकद जवळपास तेवढीच, वजन ४० किलोंनी कमी, वळणात नुसतं अंग कलवलं की वळते.

शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत १८ टक्के जीएसटी, ३५० च्या पुढे ४० टक्के. नव्या गाडीच्या सक्तीच्या पाच वर्षांच्या थर्ड पार्टी विम्यातही तीच रेघ : २०२२ च्या दरपत्रकानुसार ७,३६५ रुपये विरुद्ध १५,११७, वर कर वेगळा.

एवढं सगळं जुळूनही कोटेशनमध्ये ‘हँडलिंग चार्जेस’ आणि न मागितलेलं अ‍ॅक्सेसरीज किट होतंच. विमा बाहेरून घेतो म्हटल्यावर सेल्समनचा चेहरा पडला. (तो हक्क ग्राहकाला आहे, हे त्यालाही ठाऊक असणार.) किट खोडायला लावलं, हँडलिंगवर अजून घासाघीस चालू आहे.

आपल्या वाहन पुरवणीत निदान जिल्ह्याच्या ठिकाणचे ऑन-रोड दर, आरटीओ व विमा वेगळा दाखवून, छापावेत ही विनंती.

– एक वाचक, सातारा