‘जु. वे.’ म्हणजे काय, हे सांगणाऱ्या आजींना

ती. आजी,
सादर नमस्कार.

समोर बसून आभार मानू लागले की तुम्ही ‘आधी चहा घे’ म्हणून विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

दांडिया बाजारातल्या तुमच्या घरी ट्रंक उघडून तुम्ही वडिलांच्या १९४२ ते ४५च्या डायऱ्या माझ्या हातात ठेवल्यात, त्याला वर्ष होत आलं. दुसऱ्या महायुद्धात बडोद्यातली घरं कशी जगली, हे मला शोधायचं होतं. सरकारी कागदांत हुकूम सापडतात. रॉकेल किती दिवस पुरवलं, साखर कुणाकडून उसनी आणली, हे त्या डायऱ्यांत होतं; तेही मोडीत, आणि माझी मोडी कच्ची. तुम्ही ती वडिलांजवळ बसून शिकलेली.

१४ एप्रिल १९४४चं पान मी विसरणार नाही. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळा आणि कापूस भरलेली ‘फोर्ट स्टिकीन’ बोट फुटली, तो दिवस. पहिल्या स्फोटाची वेळ सगळीकडे चार वाजून सहा मिनिटं अशी दिलेली आहे. तुमचे काका तेव्हा मशीद बंदरला राहत. आठवड्याने ते मुलाबाळांसह बडोद्याला आले आणि त्यांनी सांगितलेलं वडिलांनी त्याच तारखेखाली लिहून ठेवलं: ‘तीन वाजून गेल्यावर पहिला आवाज. तावदानं फुटली.’ युद्धकाळच्या सेन्सॉरमुळे बातमीदारांना स्फोटाच्या सविस्तर बातम्या पाठवायला मे महिन्याचा दुसरा आठवडा उजाडला. ही नोंद एप्रिलमधलीच. तरी मी माझ्या वहीत लिहिलं, ‘ऐकीव, वेळ चुकीची.’

तुम्ही ओळीच्या शेवटच्या दोन अक्षरांवर बोट ठेवलंत. जु. वे. जुनी वेळ! सप्टेंबर १९४२मध्ये सरकारने घड्याळं तासभर पुढे केली, ती ऑक्टोबर १९४५मध्ये मागे आली. ‘आमच्याकडे गाडी गाठायची नव्या वेळेने, पूजा आणि जेवण जुन्या,’ तुम्ही म्हणालात. तेव्हा तुम्ही आठ वर्षांच्या होतात. मी माझा शेरा खोडला आणि चारही डायऱ्या पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला घेतल्या, प्रत्येक वेळेपुढे जु. की न. बघत.

आणखी एक. काळ्या बाजारातून तांदूळ घेतल्याची नोंद आहे ते पान दाखवू नये, असं घरात काहींचं म्हणणं होतं. त्यांचा संकोच मला कळतो. तुम्ही मात्र म्हणालात, ‘लपवायचं असतं तर दादांनी भाव कशाला लिहिला असता?’ त्या एका पानामुळे मला दर, माप आणि उधारी तिन्ही मिळालं. असा कागद कचेरीच्या दप्तरात कुठून यायचा? त्या विश्वासाचं मोल मला ठाऊक आहे, आजी. घरच्यांची नावं कुठेही येणार नाहीत, हा माझा शब्द.

तावदानांच्या ओळीखालचा एक शब्द अजून लागत नाही. शनिवारी भिंग घेऊन येते. आधी चहा घेईन.

तुमची,
मोडी शिकणारी