लॅपटॉपच्या खोक्यावर वाय-फाय कार्डाचा प्रकारही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विंडोज १० चे नियमित पाठबळ मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. तेव्हापासून जुना लॅपटॉप मोडीत काढण्याचा सल्ला सर्रास मिळतो आणि ‘नाहीतरी त्यावर नेट रखडतंच’ असे एक कारण वर जोडले जाते. पहिल्या मुद्द्यावर वाद घालता येईल, पण दुसऱ्यासाठी आख्खा लॅपटॉप फेकायचे कारण नाही. नेट रखडते ते बहुतेकदा आतल्या वाय-फाय कार्डामुळे. हे कार्ड पोस्टाच्या तिकिटाएवढे असते आणि पुष्कळ लॅपटॉपमध्ये एका-दोन स्क्रूंवर बसवलेले असते.

आधी खात्री करा. फोन आणि लॅपटॉप शेजारी ठेवून दोन्हीवर वेग मोजा. फोनही रखडत असेल तर दोष राउटरचा किंवा जोडणीचा, लॅपटॉप उघडू नका. फोन पळतो आणि लॅपटॉप लंगडतो, तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमधल्या ‘नेटवर्क अॅडाप्टर्स’खाली कार्डाचे नाव पाहा. स्वस्त लॅपटॉपमध्ये वर्षानुवर्षे एकच अँटेना असलेली, फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालणारी ‘एन’ या जुन्या वाय-फाय पिढीची कार्डे बसवली गेली. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. सोसायटीतल्या वीस घरांचे राउटर त्यातच दाटीवाटीने बसतात. अशा कार्डाची जोडणी २० मेगाहर्ट्झवर कागदोपत्रीच ७२ एमबीपीएसची (सेकंदाला मेगाबिट) असते, हाती त्याच्या निम्मे आले तरी नशीब. प्लॅन ३०० एमबीपीएसचा घेतला म्हणून हे बदलत नाही.

दोन दुखणी मात्र फुकटात बरी होतात. नवा वाय-फाय ६ राउटर आणल्यावर जुन्या लॅपटॉपला त्याचे नावच दिसेनासे झाले, तर कार्ड बिघडलेले नसते. इंटेलच्या काही कार्डांचे जुने ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) ‘एएक्स’ म्हणजे वाय-फाय ६ चे राउटर ओळखत नाहीत, नवा ड्रायव्हर टाकला की नाव दिसते. नाव दिसूनही जोडणी होत नसेल तर राउटरची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए-३ या नव्या पद्धतीवर आहे का ते पाहा आणि ती डब्ल्यूपीए-२ व ३ अशी मिश्र ठेवा.

एवढे करूनही कार्ड बदलावेच लागणार असेल, तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन खरेदीला जाण्याआधी खालचे झाकण काढून खाच कोणती आहे ते पाहा. चुका होतात त्या इथेच. साधारण २०१४ पूर्वीच्या यंत्रांत बहुधा अर्ध्या आकाराचे मिनी पीसीआय एक्स्प्रेस कार्ड असते, सुमारे २७ बाय ३० मिलिमीटरचे. नंतरच्यांत एम.२, २२ बाय ३० चे. एकाचे कार्ड दुसऱ्यात बसत नाही. मिनी पीसीआय एक्स्प्रेससाठी इंटेलचे ७२६० एचएमडब्ल्यू चालते. त्याला ५ गिगाहर्ट्झ, दोन अँटेना आणि ८६७ एमबीपीएसपर्यंत जोडणी मिळते. एम.२ साठी एएक्स-२०० किंवा एएक्स-२१०. विंडोजपुरते बोलायचे तर या दोन्हींचे ड्रायव्हर ६४ बिट १० आणि ११ साठीच आहेत, हे ३२ बिट प्रणाली चालवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

खरा सापळा एएक्स-२०१ आणि एएक्स-२११ चा आहे. दिसायला ती जुळी भावंडे, त्याच खाचेत तशीच बसतात, बाजारात अनेकदा स्वस्तही मिळतात. पण त्यांचा अर्धा मेंदू इंटेलच्या ठरावीक नव्या चिपसेटमध्ये (प्रोसेसरच्या जोडीच्या चिपमध्ये) असतो. एएमडीच्या किंवा जुन्या इंटेल लॅपटॉपमध्ये ती बसतील, चालणार नाहीत. शेवटी शून्य असलेले घ्यावे, एक असलेले टाळावे, ही खूणगाठ एएक्स मालिकेपुरती पक्की. आधीच्या पिढीत ती फसवते. तिथे ९२६० सर्वसाधारण खाचेत चालते, ९५६० मात्र त्याच सापळ्यातले.

दुसरा अडथळा बायोसचा, म्हणजे लॅपटॉप चालू होताना विंडोजच्या आधी चालणाऱ्या अंगभूत प्रणालीचा. साधारण दशकापूर्वीपर्यंतच्या लेनोव्होच्या काही थिंकपॅड आणि एचपी लॅपटॉपच्या बायोसमध्ये मान्य कार्डांची यादीच कोरलेली असे. यादीबाहेरचे कार्ड लावले की थिंकपॅड १८०२ आणि एचपी १०४ हा क्रमांक दाखवून पुढे जायला नकार देतो. अशा वेळी त्या मॉडेलच्या दुरुस्ती-पुस्तिकेतला सुट्या भागाचा क्रमांक छापलेलेच कार्ड शोधावे. इंटरनेटवरचे ‘मोकळे’ बायोस चढवण्याच्या भानगडीत सामान्य माणसाने पडू नये, लॅपटॉप कायमचा झोपतो.

बसवताना शिफ्ट दाबून शटडाउन करावे, नाहीतर फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज पुरते बंदच होत नाही. चार्जर काढा, झाकण उघडल्यावर बॅटरीचा कनेक्टर सोडवा, धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा. स्क्रू ड्रायव्हर पीएच-० (बारीक, अधिक चिन्हाच्या टोकाचा) पुरतो. तळाचे स्क्रू कमी-जास्त लांबीचे असतात, म्हणून कागदावर लॅपटॉपचा आराखडा काढून ज्याचा त्याच जागी टोचून ठेवावा. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर वरच्या पृष्ठभागाला फोड येतो.

सगळ्यात नाजूक काम अँटेनाच्या दोन तारांचे. तार धरून ओढू नये, टोकाखाली नख किंवा प्लास्टिकची पट्टी घालून कनेक्टर सरळ वर उचलावा. एम.२ वरचे हे कनेक्टर मिनी पीसीआय एक्स्प्रेसच्या कनेक्टरपेक्षा लहान असतात आणि काढ-घाल करण्यासाठी बनलेलेच नाहीत, तीसेक वेळांपुरतीच त्यांची हमी असते. कार्ड तिरके सरकवून खाली दाबा, स्क्रू लावा, मग कनेक्टर बरोबर मध्यावर धरून बोटाने दाबा. बारीकसा ‘टिक’ जाणवला पाहिजे. तिरका दाबला तर मधली पिन चेपते आणि राउटर दोन मीटरवर असूनही सिग्नलची एकच काडी दिसते. ‘कार्ड डुप्लिकेट निघाले’ अशा तक्रारींत हे कारण हमखास सापडते. स्वस्त लॅपटॉपमध्ये तार एकच असेल तर कार्ड चालेल, वेग मात्र निम्मा.

जुन्या मिनी पीसीआय एक्स्प्रेस यंत्रांत कार्ड दिसते, पण वाय-फाय ‘बंद’च राहते, असाही प्रकार होतो. लॅपटॉपच्या बाजूचे वाय-फायचे बटण चालू असूनही असे झाले तर बहुधा विसाव्या पिनेवरून येणारा बंदचा इशारा नव्या कार्डाला नडतो. तेवढ्या पिनेवर कॅप्टॉन (वीजरोधक) टेपची बारीक चिंधी चिकटवतात. काम डोळ्यांवर भिंग लावून करण्याचे आहे.

ड्रायव्हर आधीच पेन ड्राइव्हवर घ्या, कारण कार्ड बदलल्यावर लॅपटॉपला नेट नसणार. ब्लूटूथचा ड्रायव्हर वेगळा असतो. ते याच कार्डावर असले तरी यूएसबीच्या मार्गाने बोलते, म्हणून खाचेत ती जोडणी नसलेल्या यंत्रांत वाय-फाय चालते आणि ब्लूटूथ गायब होते. झोपेतून उठल्यावर नेट जात असेल तर अॅडाप्टरच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची खूण काढा.

काही पातळ लॅपटॉपमध्ये मात्र वाय-फायची चिप मदरबोर्डावरच झाळलेली असते. तिथे उरतो यूएसबी डोंगल. तोही ड्युअल बँडच (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्हींचा) घ्यावा, कारण दीड-दोनशे रुपयांच्या नखाएवढ्या डोंगलमध्ये पुन्हा तेच २.४ गिगाहर्ट्झ असते.

ग्राहकाला यातले काहीही खरेदीच्या वेळी कळत नाही. खोक्यावर ‘वाय-फाय ६’ एवढेच छापलेले असते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअर (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केले. त्यावर लॅपटॉप कंपन्यांनी मॉडेलनिहाय चार गोष्टी सक्तीने द्याव्यात: कार्ड सुटे की झाळलेले, खाच कोणती, अँटेनाच्या तारा किती आणि बायोसमध्ये यादी आहे का. खोक्यावर त्यासाठी एक ओळ पुरेल.

– लॅपटॉप दुरुस्ती करणारे तंत्रज्ञ, पुणे