कॅम अडकलाय म्हणून पाईप लावू नकोस

वागळे इस्टेट, ठाणे

मंग्या,

काल फोनवर तू म्हणालास की टायमिंग बेल्ट चढवायचाय पण कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा वरचा दांडा, फिरत नाहीये, आता जोर वाढवायला पान्याला पाईप घालतो, आणि तेवढ्यात तुझी रेंज गेली. मेसेज टाकलाय, पण सगळं नीट लिहूनच पाठवतो, कारण व्हॉइस नोट तू अर्धी ऐकतोस आणि लगेच कामाला लागतोस. पाईप बाजूला ठेव आणि आधी हे पूर्ण वाच.

कॅम अडकला म्हणजे नक्की काय होतंय ते हाताला कळतं. जड जड लागतोय आणि मग एकदम पान्यासकट पुढे सटकतोय, असं असेल तर ते अडकणं नाहीच, त्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा आहेत. तुझं इंजिन 16 व्हॉल्व्हचं, म्हणजे एकेका कॅमवर 8 स्प्रिंगा दाबून बसल्यात, कॅमचा लोब, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारा उंचवटा, चढत असतो तोवर जोर लागतो आणि शेंडा ओलांडला की स्प्रिंगच कॅमला ढकलते, तेव्हा बोटं सांभाळ. पण फिरता फिरता टक् करून थांबला आणि पुढे लचकच लागत नाही, भिंतीला टेकल्यासारखा, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर टेकलाय.

का टेकला? तू एक नंबरचा पिस्टन टीडीसीला, अगदी वरच्या टोकाला, आणून ठेवलायस, म्हणजे चार नंबरपण वर आणि दोन-तीन खाली. बेल्ट काढल्यावर क्रँक, म्हणजे पिस्टन वरखाली करणारा खालचा दांडा, आणि कॅमचा एकमेकांशी संबंध तुटला. आता कॅम फिरवलास की एक आणि चारचे व्हॉल्व्ह खाली येणार आणि तिथे तर पिस्टन वरपर्यंत येऊन बसलेत, जागा कुठाय? पाईप लावलास तर कॅम फिरेल रे, नक्की फिरेल, व्हॉल्व्ह वाकवून फिरेल. मग हेड, म्हणजे व्हॉल्व्ह बसतात तो इंजिनचा वरचा भाग, परत उतरवायचं.

म्हणून कॅमवर जोर काढायचा नाही, क्रँक हलवायचा. कॅम जिथे टेकलाय तिथून आधी थोडा मागे सोड, मग क्रँक पुलीच्या बोल्टवरून क्रँक 90 डिग्री उलटा घे, हळूहळू, कुठे टेकलं तर लगेच थांब. आता चारही पिस्टन साधारण मधोमध आले, वर कोणीच नाही. आता दोन्ही कॅम पुलीवरच्या खुणेवर आण आणि मग क्रँक तसाच 90 डिग्री सुलटा फिरवून टीडीसीला आण. प्लग चारही काढून ठेव हां, नाहीतर कॉम्प्रेशनचा जोर आणि टेकल्याचा जोर यातला फरक हाताला कळणारच नाही, आणि खरी गोष्ट ती कळण्यातच आहे.

कॅम फिरवताना पुलीच्या बोल्टवर पाना लावू नकोस, उलटा फिरवलास की बोल्टच ढिला होतो. शाफ्टवर दोन लोबच्या मध्ये षटकोनी भाग असेल, तिथे फिक्स पाना लागतो, फक्त पाना हेडच्या कडेला आपटू देऊ नकोस, अ‍ॅल्युमिनियम आहे ते. षटकोन नसेल तर लोखंडी पट्टीला दोन बोल्ट मारून पुलीच्या भोकात अडकवायचं हत्यार बनव. पक्कड लोबला लावलेली मला कळली ना, तर मी चिपळूणला येऊन तुला मारीन.

आणि एक, तू हेड उघडलं होतंस ना? मग कॅमच्या कॅप, म्हणजे त्याला वरून धरून ठेवणारे तुकडे, ज्याच्या त्याच जागी बसल्यात का बघ, त्यांच्यावर नंबर आणि बाण असतात. त्या हेडसोबत एकत्रच बोअर केलेल्या असतात, अदलाबदल झाली की कॅम आवळला जातो आणि मग तो स्प्रिंगने नाही, पिस्टनने नाही, सगळीकडूनच जड लागतो. कॅप सगळ्या ढिल्या करून बघ, मोकळा झाला तर दुखणं तिथेच आहे. आवळताना मधून बाहेर, थोडं थोडं, एकच बोल्ट पूर्ण आवळलास तर खालच्या स्प्रिंगा कॅमला वाकवतात आणि बिडाचा कॅम वाकत नाही, तुटतो. कॅमच्या जर्नलला, म्हणजे कॅपखाली फिरतात त्या गोल भागांना, तेल लावून बसवलेस ना? कोरडे नकोत.

खुणेवर कॅम टिकत नाही, सुटून जातो, हेही होणारच, स्प्रिंग ढकलते. एकाला पाना धरायला लाव, पोरगा असेल तिथे, आणि बेल्ट क्रँकपासून सुरू करून ताणाची बाजू आधी चढव, ढील फक्त टेन्शनरकडे, म्हणजे बेल्ट ताणून धरणाऱ्या पुलीकडे, राहायला पाहिजे. कॅमची पुली क्रँकच्या दुप्पट दातांची असते. समज 40 दात आहेत, एक दात चुकला तर कॅम 9 डिग्री आणि क्रँकच्या हिशोबाने 18 डिग्री चुकला. थोडंच आहे, चालेल, असं म्हणायचं नाही.

मग क्रँक हातानेच, इंजिन फिरतं त्याच दिशेने, दोन पूर्ण फेऱ्या फिरवायचा, तेव्हा कॅमची एक होते आणि खुणा परत जुळायला हव्यात. मध्ये कडक लागलं तर थांब आणि मला फोन कर. टॅपेट, म्हणजे लोब आणि व्हॉल्व्हच्या मधले तुकडे, हायड्रॉलिक (आत तेल भरलेले) असतील आणि नवीन बसवले असतील तर लगेच स्टार्टर मारू नकोस, अर्धा तास तरी तसंच ठेव, आतलं तेल दबून निघू दे.

तुझ्या भावाच्या स्विफ्ट डिझेलला मात्र हे सगळं लावू नकोस, त्या 1248 सीसीच्या इंजिनला चेन आहे आणि क्रँक-कॅम लॉक करायची वेगळी हत्यारं लागतात.

मोठा फिक्स पाना उद्या खोपटच्या स्टँडवरनं एसटीच्या पार्सलने टाकतो. स्टार्टर मारायच्या आधी तिन्ही खुणांचे फोटो पाठव, समोरून काढलेले, तिरके नकोत.

तुझा,
बंड्या